धुतलेली अंडी

१

थोरलीचं काम अंडी धुण्याचं होतं. कोंबडीची नव्हेत, किड्यांची. कोणी विचारलंच तर ती "प्रयोगशाळेत असते" एवढंच सांगायची. पुढचं सांगितलं की समोरचा माणूस हातातला चहाचा कप खाली ठेवतो, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता.

खोली तळमजल्याच्या अगदी टोकाला. खिडकी नाही, बाराही महिने सारखीच ऊब. भिंतींना फळ्या, फळ्यांवर पारदर्शक डबे आणि डब्यांत बोराएवढे तपकिरी किडे. त्यांचं शास्त्रीय नाव एका दमात म्हणता येत नसे, म्हणून खोलीतले सगळे त्यांना ढाल्या म्हणत, पाठ ढालीसारखी म्हणून. ढाल्याची मादी अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून राहते. नुसती बसत नाही हो. मागच्या पायांनी स्वतःचं पोट पुसते आणि तेच पाय अंड्यांवरून फिरवते. पुन्हा पोट, पुन्हा अंडी, दिवस दिवस हेच. तिच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो ती पोरांना देते. मेण असलं की अंड्यातलं पाणी आत राहतं आणि बुरशी बाहेर. डब्याला कान लावला तर तो आवाजही येतो, सुर्र, सुर्र, अगदी बारीक.

आणि थोरलीने काय करायचं, तर ते मेण धुऊन काढायचं. आईच्या मेणाशिवाय अंडी किती तगतात, हे खोलीच्या मॅडमना मोजायचं होतं. आई अंड्यांवरून उठून खायला गेली की थोरली अंडी उचलायची, मेण विरघळवणाऱ्या औषधात तीनदा बुडवायची, कागदावर टिपायची आणि काचेच्या वाटीत झाकून ठेवायची. दोन दिवसांत ती मनुकांसारखी सुकायची. तिला त्यात वाईट वाटायचं का? सुरुवातीला वाटलं. मग पगाराची आणि वाईट वाटण्याची सवय एकदमच झाली.

दारावर तिच्याच अक्षरात लाल शाईची पाटी होती: आई अंड्यांवर असताना झाकण उघडायचं नाही. उघडलं तर मादी बिथरते. एक तर अंडी खाऊन टाकते, नाहीतर उठून जाते आणि परत म्हणून त्यांच्याकडे बघत नाही. कोणी पाटी धाब्यावर बसवली तर थोरली त्याच्याशी आठवडाभर बोलत नसे.

तर सोमवारी तिने तीस अंडी धुतली. गुरुवारी झाकण काढलं तेव्हा तीसच्या तीस टपोरी होती आणि चकाकत होती.

मॅडमनी वाटी दिव्याखाली धरली. "धुतली होती ना तुम्ही?"

"मॅडम, वीस वर्षं धुतेय."

"तसं नाही हो. घरी तान्हं बाळ आलंय, झोप होत नसेल. चुकतं माणूस."

थोरलीने हातमोजे काढले. ते आतून बुळबुळीत लागले. घाम असेल, असं म्हणून तिने ते कचऱ्यात टाकले आणि रोजच्यासारखे कोपरापर्यंत साबणाने हात धुतले.

२

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत थोरलीचा पलंग, टेबल, शेगडी. आतल्या खोलीत धाकटी आणि तिची सहा आठवड्यांची मुलगी. धाकटीचा नवरा जहाजावर होता, तो सुटायला अजून दोन महिने होते. फोन लागला तर लागला.

मुलगी सात आठवडे आधीच जन्मली. एवढीशी, लांबट, म्हणून थोरलीने तिचं नाव शेंग ठेवलं. खरं नाव ठेवायचं कोणाच्या मनात येत नव्हतं, कारण नाव ठेवलं की ती राहणार असं धरून चालल्यासारखं झालं असतं. शेंगेची कातडी पातळ कागदासारखी होती. घड्या पडतील तिथे चिरायची. बाळाची डॉक्टर म्हणाली होती, "हिचं कातडं म्हणजे फाटकी छत्री आहे. पाणी आतून निघून जातं आणि बाहेरचं सगळं आत येतं. डोळ्यांत तेल घालून जपा."

जपणार कोण, तर थोरली. धाकटी बाळंत झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवण दिलं तर जेवायची, उठवलं तर उठायची, पण मुलीला हात लावायची नाही.

"ताई, तूच घे तिला," ती भिंतीला सांगायची. "माझ्या पोटात नीट राहिली नाही ती. माझ्या हातात काय राहणार?"

आई गेली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती आणि थोरली अठरा. वेण्या, शाळा, ताप, पहिली नोकरी, लग्न, सगळं थोरलीने केलं. स्वतःचं काही करायचं राहूनच गेलं. लोक धाकटीला तिची मुलगी समजायचे आणि थोरली दर वेळी चिडून सांगायची, "बहीण आहे मी, आई नाही." आता त्या धाकटीच्या पाठीकडे बघून तिला रडू यायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

त्याच गुरुवारी संध्याकाळी शेंगेचं अंग पुसताना तिच्या कानामागे थोरलीला काहीतरी दिसलं. पांढुरका पातळ थर, दुधावर धरू लागलेल्या सायीसारखा. मानेवर होता, काखेत होता, पाठभर होता.

थोरलीच्या खोलीत पांढरा थर म्हणजे बुरशी. तिने पाणी कोमट केलं, साबण घेतला आणि शेंगेला नखशिखांत धुतलं, अंडी धुवावीत तसं, तीन पाण्यांनी.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली तेव्हा थर परत आलेला होता.

३

वरच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारले होते त्यांनी, त्यामुळे बोलतानाही प्रत्येक वाक्य ठोकून बोलायच्या. थोरली कामावर गेली की काकू खाली येऊन बाहेरच्या खोलीत बसायच्या, दर तासाला आत डोकावायच्या, बाटलीने दूध पाजायच्या.

"काकू, तुम्ही बाळाला काही लावता का?"

"काय लावायचंय?"

"मलम, तेल, काहीही."

"मी दूध पाजते, लंगोट बदलते आणि शब्दकोडं सोडवते. चौथं काही करत नाही."

"झोपता का दुपारी?"

काकूंनी चष्मा काढला. "डोळा लागतो. अर्धा तास. तेवढ्यावर माझ्यावर खटला भरणार आहेस का?"

"तेवढ्यात कोणी आत जातं का?"

"कोण जाणार? दाराला आतून कडी असते. घरात मी, तुझी बहीण आणि ते पिल्लू. मला काय विचारतेस असं?"

थोरलीने विषय बदलला. पण त्या दिवसापासून ती शेंगेला सकाळ संध्याकाळ धुऊ लागली. धुतलं की शेंग गुलाबी दिसायची, तासाभराने कोरडी पडायची आणि सकाळपर्यंत कोपराच्या घडीत नवी चीर उमटलेली असायची. संध्याकाळी घरी यावं तर पुन्हा ती साय. थोरली धुवायची, कोणीतरी लावायचं. आणि त्या दोघांच्या मधे ते पोर.

४

तराजूवर शेंग मागच्या आठवड्यापेक्षा हलकी भरली.

डॉक्टर बराच वेळ चिरा बघत होती. "अंघोळ कितीदा घालता?"

"एकदा," थोरली म्हणाली. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती, पण हे खोटं तिच्या तोंडून सटकन निघालं. तिला भीती होती की हे जे काही आहे ते तिनेच कामावरून आणलंय, कपड्यांतून, केसांतून. हे कळलं तर बाळाला तिच्यापासून काढून घेतील, आणि काढून घेतलं की बाळाला बघायला उरेल कोण? ती भिंतीकडे बघणारी?

"पुढच्या आठवड्यापर्यंत वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "आणि एवढ्या उघड्या अंगाने ही तिथे राहिली, एखादा जंतू लागला, तर मी शब्द देऊ शकत नाही. स्पष्ट सांगितलेलं बरं."

त्या संध्याकाळी धुण्याआधी थोरलीने शेंगेच्या पाठीवरचा थर हलक्या हाताने खरवडून काचपट्टीवर घेतला. सकाळी प्रयोगशाळेत सगळे यायच्या आधी ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बुरशीचे तंतू तिला डोळे मिटूनही ओळखता आले असते. तंतू नव्हते. पातळ, चपट्या, एकावर एक बसलेल्या पापुद्र्यांची रांग होती. तिने त्यावर औषधाचा एक थेंब सोडला. पापुद्रे विरघळून नाहीसे झाले.

हे चित्र तिने हजारो वेळा पाहिलं होतं. मेण होतं ते.

रविवारी तिने घर उलटंपालटं केलं. गादीच्या शिवणी, पाळण्याच्या खाचा, पडद्यांच्या घड्या, टेबलाच्या खणांच्या मागची बाजू. "काय शोधतेस गं?" काकूंनी विचारलं. "सुई," ती म्हणाली. एकही किडा सापडला नाही. खरं सांगायचं तर सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं. सापडलेल्या किड्याला चप्पल तरी दाखवता येते.

५

मंगळवारी तिने अर्धी रजा टाकली आणि अडीच वाजता घरी आली.

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कुणी तरी मोठ्याने फोनवर भांडत होतं. काकूंनी दार उघडलं आणि परत खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली. शब्दकोडं मांडीवर. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, बिजागरीच्या बाजूला बोटभर फट. थोरली चपला काढून दारापाशी गेली आणि थांबली.

सुर्र. सुर्र.

तिला आधी वाटलं, पडदा असेल. मग वाटलं, वीस वर्षं एकच आवाज ऐकून कान बिघडलेत. पण पडदा एवढ्या तालात हलत नाही. आवाज थांबायचा, दोन श्वास जायचे, परत सुरू व्हायचा. पोट, अंडी. पोट, अंडी.

तिने फटीला डोळा लावला.

धाकटी पाळण्यावर वाकलेली होती. पाठ दाराकडे, केस मोकळे, चेहरा दिसत नव्हता. तिचे हात आपल्याच अंगावरून खाली यायचे, मानेवरून, छातीवरून, कुशीवरून, मग पाळण्यात जायचे आणि तिथे फिरायचे. घाई नाही, थांबणं नाही. सगळं अंग त्या तालात डोलत होतं. मागून फक्त कोपरं दिसत होती, वर आणि खाली, वर आणि खाली. आणि ती काही केल्या जुळेनात. थोरलीने मोजली. दोन. तिने पुन्हा मोजली. दोनच असणार, दुसरं काय असणार? तिसऱ्यांदा मोजायचं धाडस तिचं झालं नाही.

तिचा हात आपोआप दारावर गेला होता. आत जावं, पोर उचलावं आणि पळत सुटावं, एवढंच तिच्या मनात होतं. दीड महिना ज्या बाईने मुलीकडे बघितलंही नाही, ती आता झोपेत की जागेपणी की तिसऱ्याच कशात, तिच्या मऊ टाळूवरून हात फिरवतेय. जरा जोर पडला तर?

आणि हात दारावर असतानाच तिला ती पाटी आठवली, स्वतःच्या अक्षरातली, लाल शाईची.

त्या पाटीवरून तिने वीस वर्षं लोकांना दम दिला होता. स्वतः पाळणं किती कठीण आहे हे तिला त्या दारात कळलं. तिने हात खाली घेतला, भिंतीला टेकली, आणि आत जे चाललं होतं ते ऐकत उभी राहिली. शेंगेचा आवाज आला असता तर तिने दार तोडलं असतं. पण शेंग रडत नव्हती. मधेच एकदा पोट भरल्यावर करते तसा छोटासा हुंकार तिने दिला.

किती वेळ गेला कोण जाणे. पलंग करकरला. थोरलीने दार लोटलं तेव्हा धाकटी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली होती आणि पाळण्यात शेंग नव्या शिंपल्यासारखी चकाकत होती.

धाकटीचा हात पलंगाबाहेर लोंबत होता. थोरलीने तो उचलून पांघरुणात ठेवला. तळवा कोरडाठाक होता, रेषारेषांतून भेगाळलेला.

६

"दुपारी उठली होतीस का गं?" तिने संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मला कुठे उठवतं, ताई," धाकटी म्हणाली. ती खरंच सांगत होती. थोरलीला तिचं खोटं लहानपणापासून ओळखू यायचं.

पाणी कोमट करून तयार होतं. साबण, पंचा, सगळं जागच्या जागी. थोरली शेंगेला मांडीवर घेऊन त्या टबासमोर बसली. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? जे माणसाला समजत नाही ते धुऊन टाकावं, हे तिचं काम होतं, त्याचा तिला पगार मिळत होता. तिने पाण्यात हात घातला, काढला, परत घातला. शेंगेची कोपराची चीर बघितली. कडा मऊ झाल्या होत्या.

पाणी निवलं. तिने टब तसाच मोरीत उलटा केला आणि शेंगेला न धुता झोपवलं. रात्रभर ती पाळण्याच्या कडेला हात ठेवून जागी राहिली, पण वाईट काही घडलं नाही.

आठवड्याने तराजूवर शेंग सत्तर ग्रॅमने जड भरली. काखेतल्या चिरा मिटल्या होत्या.

"काय बदललंत?" डॉक्टरने विचारलं.

"दोनदा धुवत होते, खोटं सांगितलं तुम्हाला," थोरली म्हणाली. "आता धुवत नाही."

डॉक्टरने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बरं केलंत. दोन्ही." जिन्यावरून उतरताना थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. समोरून येणाऱ्या माणसाने बाजूला होऊन वाट दिली.

७

पण खोलीतलं एक काम असं होतं जे थोरली कधी कोणाला सांगत नसे. अंडी फुटून पिल्लं बाहेर पडली की आई डब्याच्या तळाशी पडलेली असायची. रंग उडालेला, हलकी फोल. तिला ब्रशने लोटून डबा रिकामा करायचा, एवढंच. तिच्याबद्दल वहीत रकाना नव्हता.

धाकटीचे ओठ फुटले होते. कोपरं पांढरी पडली होती, केस हातात येत होते. ती तांब्यावर तांबे पाणी पीत होती आणि तरी तिचा आवाज सुकलेला होता. शेंग दिवसागणिक गुटगुटीत होत होती आणि तिची आई पलंगावर हलकी होत चालली होती. मलम लावून पाहिलं, गल्लीतल्या डॉक्टरला घरी बोलावून पाहिलं. "अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणाला आणि गोळ्या लिहून गेला. थोरलीला ब्रश डोळ्यांसमोर दिसत होता.

"मॅडम," तिने कामावर विचारलं, "आई सगळं मेण पोरांना देते. मग आईला कोण देतं?"

मॅडम वहीतून वर बघून म्हणाल्या, "तिला तिच्या आईने दिलेलं असतं, अंड्यात असताना. पुढचं तिचं ती बनवते, खाण्यातून. आणि संपलं की संपलं." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं आलात. मी ती वाटी कुणाला दाखवली नाही अजून. गेल्या महिन्यात दुसऱ्यांनी धुतलेली अंडी सगळी सुकली. फक्त तुमच्या हातची सुकत नाहीत. एकही नाही. तुम्ही नेमकं काय करता?"

"काही नाही, मॅडम. धुते."

ती बेसिनपाशी गेली. हातमोजे काढले, आणि या वेळी कचऱ्यात न टाकता उलटे करून बघितले. आतून पांढरे होते. बोटाबोटाला, टोकापर्यंत, सायीसारखा थर, आणि टोकांशी तो रबरातून बाहेरही पाझरलेला. तिने आपले तळवे दिव्याखाली धरले. ते चकाकत होते.

नळ चालू होता. साबण हातात होता. वीस वर्षं दिवसातून पंधरा वेळा ती इथे उभी राहिली होती, आणि त्यातल्या कितीदा हे असंच, न बघता, तिने मोरीत सोडून दिलं होतं कोण जाणे. तिला मनापासून भीती वाटली. हे आपल्या अंगातून येतं, कधीपासून येतं, कशाला येतं, काही काही माहीत नव्हतं. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते भीती नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीची वेणी घालताना हाताला लागायचं, ते होतं.

तिने नळ बंद केला.

८

ती घरी आली ती दोन्ही हात अंगापासून लांब धरून. बसमध्ये दांडी धरली नाही म्हणून दोनदा शेजाऱ्याच्या अंगावर पडली आणि बोलणी खाल्ली. काकूंनी दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, आतलं दार तेवढं तुम्हीच उघडा. माझे हात भरलेत."

"कशाने भरलेत? रिकामेच तर आहेत."

"उघडा तर खरं."

चार वाजले होते. पडद्यातून पिवळा उजेड येत होता. शेंग पाळण्यात जागी होती, मुठी चोखत. धाकटी भिंतीकडे तोंड करून. तिच्या गाऊनची मागची गुंडी निसटली होती, पाठ दिसत होती. ब्रशने लोटता येईल अशी पाठ.

थोरली पलंगावर बसली आणि तिने दोन्ही तळवे त्या पाठीवर ठेवले.

धाकटी दचकली. "ताई, तुझे हात…"

"गप पड."

"किती मऊ लागतात."

"गप पड म्हटलं ना."

तिने हात फिरवायला सुरुवात केली. मानेपासून खाली, खांद्यांवरून, दंडांवरून. मग तिला न विचारता तिचे हात तिच्या स्वतःच्या मानेकडे गेले, कुशीकडे गेले आणि परत आले. सुर्र. सुर्र. आवाज आता दाराच्या पलीकडून येत नव्हता. तिने डोळे मिटून घेतले. मोजायचं नाही, तिने स्वतःला बजावलं, काहीही झालं तरी मोजायचं नाही. हाताखालची कातडी पाणी प्यायल्यासारखी भरत होती. तिच्या स्वतःच्या अंगातून काहीतरी जात होतं हे तिला कळत होतं. जाईना का. कुणाकडे चाललंय ते ठाऊक होतं.

खूप वेळाने धाकटीने कूस बदलली. थोरलीने डोळे उघडले तेव्हा सहा आठवडे, नव्हे, आता दहा आठवडे जो चेहरा भिंतीला होता तो तिच्याकडे वळलेला होता. ओठ ओले होते. डोळे पाळण्याकडे होते.

"तिला इकडे दे, ताई," धाकटी म्हणाली. "मी घेते."

थोरलीने शेंगेला उचलून तिच्या कुशीत दिलं. धाकटीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, जागेपणी, पहिल्यांदा, आणि तो काढून घेतला नाही.

बाहेरून कडीचा आवाज आला. "चहा ठेवू का गं?" काकू विचारत होत्या. दार हललं, फटीतून उजेडाची रेघ आत आली.

"काकू," थोरली म्हणाली, हात न थांबवता, "थोडा वेळ दार उघडू नका."

दार लागलं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि काकू दाराला पाठ लावून बसल्या.